टाकीमागचा पाचोळा

रंजूच्या बाबांना जय भीम.

काल बागेत नागपूरचे ते तिघं आले होते, गळ्यात कॅमेरे घातलेले. आल्या आल्या तुमचंच विचारलं, "मावशी, भाऊ कुठं आहेत?" मी झाडू धरून उभी. म्हटलं, "भादव्यात गेले. ताप आला, चार दिवसांत संपले." त्यांच्यातली चष्मेवाली बाई रडायला लागली. मला तिचा रागच आला. मी अजून धड रडली नाही, आणि ही कोण? म्हणून आज लिहायला बसली. चौथीपर्यंतचं माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. लावून वाचा.

रडून झाल्यावर ती म्हणाली, "तो मोठ्या चोचीचा वटवट्या आला का हो यंदा?"

मला काय ठाऊक! आठ वर्षं तुम्ही त्या बागेचे माळी, आठ वर्षं मी तिथंच झाडणारी. फागुन सरत आला की तुम्ही टाकीमागं करंजीच्या कुंपणाजवळ उकिडवे बसायचे. मला हाका मारायचे, "ये ना वं, पाह्य ना! पाठ नको पाहू, चोच पाह्य." मी म्हणायची, "पाखरू पाहून पोट भरते का? मुकादम पाहून राहिला, उठा!" वीस पावलं होती. मी कधी चालली नाही.

एवढासा मातकट जीव. त्याच्यापायी साहेब लोक लांबून यायचे, तुमच्या मागं वाकून वाकून चालायचे, आणि मी लांबून हसायची. तुम्ही एकदाही रागावले नाही. रागवायचं ना हो! हात धरून ओढायचं ना!

चिडायचे ते एकाच गोष्टीवर. टाकी झिरपते, तिथं ओल असते. त्या ओल्या पाचोळ्याला झाडू लावू द्यायचे नाही. "चैत सरेपर्यंत इथं झाडायला येऊ नको." मला वाटायचं, आळसाला कारण शोधून राहिले. एकदा नीट सांगितलं काऊन नाही? की सांगितलं, आणि मीच ऐकलं नाही? आता तेही आठवत नाही.

यंदा होळीच्या आधी मुकादम म्हणाला, "बाई, तो कोपरा साफ कर." मी केला. खालपर्यंत खरडला, ढीग लावला, पेटवला. करंजीच्या खालच्या फांद्याही कोयत्यानं उडवल्या. मुकादम म्हणाला, "आता दिसते बाग!" आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. तुमच्या मागं काम नीट करून राहिली म्हणून.

काल त्या तिघांना तिथंच नेलं. चष्मेवाली उघड्या मातीकडं पाहत राहिली. मग हळू बोलली, "मावशी, पाचोळ्यात किडे असतात. तेवढ्यासाठीच तो थांबायचा. पुढं हिमालयापर्यंत जायचं असतं त्याला. भाऊंनीच आम्हाला दाखवलं होतं."

त्यांना दाखवलं! मला नाही!

ते गेल्यावर मी आंब्याखालचा पाचोळा दोन पोती भरून आणला, तिथं पसरवला, वर पाणी मारलं. मुकादम म्हणाला, "डोकं फिरलं का वं तुझं? झाडायचं सोडून पसरवून राहिली?" म्हटलं, "हो, फिरलं."

आज पहाटेपासून तिथं बसली. कुंपणात तीन-चार मातकट पाखरं आली. एक शेपटी हलवत होतं. मी पाठ नाही पाहिली, चोचच पाहिली. सगळ्यांच्या चोची सारख्या! त्यातला तुमचा कोणता? का एकही नाही? कोणाला विचारू? नागपूरवाले कालच्याच गाडीनं गेले.

लोक म्हणतात, घर आहे, काम आहे, रंजू आहे, सावरशील. काय सावरू? तुमच्या डोळ्यांत जे होतं ते तुमच्यासोबत जळालं. बाहेर थोडं उरलं होतं, ते मी माझ्या हातानं पेटवलं.

एक वचन देते. पुढच्या फागुनात त्या कोपऱ्याला झाडू लावणार नाही, मुकादमानं कामावरून काढलं तरी. तो येईल अशी आशा मला नाही. पण कोणी विचारलं तर "नाही आला" असंही म्हणणार नाही. सांगेन, आला असेल. माझ्यासमोर बसला असेल. मला ओळखता येत नाही.

तुमची,
रंजूची आई