चिकटलेले पदर

बटाला

बलकारजी,

काल पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला म्हणालात, "जसविंदर, मुलगी बघायला आलो तेव्हाचा लच्छा पराठा कुठे गेला गं? लग्न झालं आणि हात बिघडला?"

तो पराठा मी केला होता. ओवा, अनारदाणा, सगळं माझ्या हातचं. तुम्ही बघायलाही मलाच आला होतात. ताट घेऊन ती बाहेर आली आणि तुम्ही तिलाच पसंत केलंत. माझं लग्न राहिलं ते राहिलंच.

नंतर ती पराठा शिकायला आली. मी शिकवला, पण तुपावर कोरडं पीठ भुरभुरायचं मुद्दाम सांगितलं नाही. त्याशिवाय पदर सुटत नाहीत. बावीस वर्षं तुम्ही तिला टोमणे मारलेत आणि मला बरं वाटत राहिलं.

काल भांडी घासताना मी तिच्याजवळ कबूल केलं. ती शांतपणे म्हणाली, "पिठाचं मला पहिल्याच वर्षी शेजारणीनं सांगितलं होतं, भैणे. पण मलाही जमला असता, तर तुझ्याकडे काय उरलं असतं?"

तुम्हाला सांगायचं नाही, अशी तिनं शपथ घातली आहे. म्हणून हे पत्र पेटीतच राहील.

तुमची मेव्हणी,
नसीब कौर