झोळीतली झोप

प्रिय जावईबापू,

एवढं लिहिलं आणि बराच वेळ कागदाकडे बघत बसले. गेल्या वर्षी घटस्फोटाच्या कागदांवर तुमच्या दोघांच्या सह्या झाल्या, तेव्हापासून तू माझा जावई नाहीस. पण दुसरं काही लिहायला हात धजेना. राहू दे तसंच.

आधी बातमी सांगते. जंगलात झाडांना बांधून झोपायच्या आपल्या झोळीला लागते, ती पाठीखालची रजई मी स्वतः शिवली. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत सत्तावीस वर्षं चादरी आणि डॉक्टरांचे कोट शिवले, पण इतका जीव कशात ओतला नव्हता. तुला आठवत असेल, जंगलातल्या दुसऱ्या खेपेला मी अंगावर दोन रजया घेऊनही पाठीनं गारठले होते. तू म्हणालास, अंगाखाली दबलेली रजई ऊब धरत नाही, ती झोळीच्या बाहेरून, खाली लटकवायला हवी. तेव्हा वाटलं, हा माझी गंमत करतोय. आता जुन्या जॅकेटांमधला कापूस काढून मी तशीच एक बनवली. दोन्ही टोकांना नाडी घातली आहे. ओढली की पाठीला अलगद चिकटते, फट म्हणून राहत नाही.

सामान कसं वाढत गेलं बघ! सुरुवात तुझ्या त्या जाड सुती झोळीनं झाली. दवानं भिजली की उचलवत नसे. तुझे सासरे गेल्यावर दोन वर्षं मी पलंगावर पाठ टेकली नव्हती. खुर्चीत बसून डुलक्या काढायची. लेक डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागली होती. तू मात्र एका शनिवारी नुसतं म्हणालास, “आई, माझ्याबरोबर जंगलात चला.” मी म्हटलं, “लोक म्हणतील, सासूला झाडाला टांगलं!” लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

आणि टांगलंसच. पहिल्या प्रयत्नात मी एका बाजूनं चढले आणि दुसऱ्या बाजूनं पालापाचोळ्यात पडले. तू धावत आलास, पण हसू काही तुला आवरेना. “हसतोस काय मेल्या, उचल मला,” असं तोंडून गेलं. तोवर मी तुला अहो-जाहो करत होते. ते तिथंच संपलं.

झोळी ताणून बांधायची नाही, जरा सैल सोडायची आणि तिच्यात तिरकं झोपायचं, हे त्या दिवशी शिकले. मग दोरानं झाडाची साल निघते म्हणून रुंद पट्टे आणले. मग मुठीत मावणारी नायलॉनची झोळी, डासांची जाळी, पावसासाठी वर ताणायचं छताचं कापड. आधीचा प्लॅस्टिकचा कागद वाऱ्यानं इतका फडफडायचा की डोळा लागायचा नाही. पावसाचं पाणी पट्ट्यावरून ओघळत झोळीत येतं, म्हणून तिथं सुतळीचा तुकडा बांधायचा, म्हणजे थेंब बाहेरच गळतो. हे सगळं तू दाखवलंस, कधी घाई न करता. तुमच्या घरात तेव्हाच धुसफूस सुरू झाली होती, हे मला फार उशिरा कळलं. तरी तू माझ्यासाठी वेळ काढत होतास.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा एकटी गेले. शेजारच्या नर्सबाईंनी सोडलं आणि सकाळी न्यायला आल्या. गाठी दोनदा तपासल्या, आडवी झाले, आणि डोळे उघडले ते थेट तोंडावर ऊन आल्यावर. मध्ये एकदाही जाग नाही. किती वर्षांनी! पहिलं मनात आलं ते हेच, की तुला सांगायला हवं. आणि पाठोपाठ आठवलं ते माझं बंद दार.

सह्यांनंतरच्या रविवारी तू निरोप घ्यायला आला होतास. तुला वाटलं असेल, मी बाहेर गेलेय. मी घरातच होते रे. दाराच्या आत, कडीवर हात ठेवून. तू तीनदा बेल वाजवलीस, “आई, निघतो मी” म्हणालास, आणि पायऱ्या उतरून गेलास. लेकीची बाजू घ्यायची म्हणजे तुझ्याशी बोलायचं नाही, असं मीच ठरवून बसले होते. हे परवा तिला सांगितलं, तर म्हणाली, “आई, भांडण आमचं होतं. तू कशाला अबोला धरलास?” चुकले मी. मला पुन्हा झोपायला शिकवलंस आणि मी तुला साधा निरोपही दिला नाही. त्या दाराबद्दल माफी मागायला आणि बाकी सगळ्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहिलं. रविवारी सकाळी मी घरीच असते. ये. या वेळी पहिल्याच बेलला दार उघडेन.

तुझीच, झाडाला टांगलेली
सासू