‘पाटी’ची चाचणी माझ्यामागे कोणी करावी, याबद्दल

मी, गोपिका मारोतराव नगराळे, वय सत्तावन्न, स्वेच्छानिवृत्त, राहणार इंदोरा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही; मला भरीस घालणे किती अवघड, हे साक्षीदार सांगतील.

यापूर्वी गेल्या ऑगस्टमध्ये दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दिवशी मी एक मृत्युपत्र लिहिले होते. ते या लेखाने रद्द करते. ते भीतीपोटी लिहिले होते आणि त्यात सारखे ‘माझ्यानंतर कसे होईल’ एवढेच होते. कसे होईल ते मला आता कळले आहे, म्हणून हे दुसरे, निवांत बसून.

कलम पहिले. इंदोऱ्यातील दोन खोल्यांचे घर माझे वडील मारोतराव यांनी बांधले व माझ्या नावे केले. ते मी माझे दिवंगत धाकटे बंधू आनंदराव यांची पत्नी भीमाबाई हिला देत आहे. अट एकच. समोरच्या खोलीत दर रविवारी आमचे संगणकवाल्यांचे मंडळ जमते, ते जमू द्यावे. भीमाबाईने ही दोन वर्षे त्या गर्दीला चहा पाजला आहे आणि एकदाही कपाळाला आठी घातली नाही. बोलली मात्र पुष्कळ.

कूलरही तिचाच. तो मी मे महिन्यात संगणक तापू नये म्हणून घेतला होता आणि त्याचे तोंड संगणकाकडे ठेवले होते. तेव्हा ती म्हणाली होती, “काहून जी बाई, मशीनले कूलर अन् आमाले हातपंखा?” तिचे बरोबर होते. यापुढे कूलरचे तोंड तिने हवे तिकडे करावे.

कलम दुसरे. पोस्टातील बचतीचा अर्धा भाग भीमाबाईला, उरलेला अर्धा मंडळाच्या फ्लॉपी व टपालखर्चासाठी.

कलम तिसरे. ‘पाटी’. वकिलांनी विचारले, ही कोणत्या प्रकारची मिळकत? म्हणून खुलासा करते.

संगणक सुरू झाला की आधी एक मूळ प्रोग्रॅम जागा होतो. कागद कुठे ठेवायचा, छापायचे कधी, कोणत्या कामाला किती जागा द्यायची, हे तो पाहतो आणि बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या आधाराने चालतात. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बाजारात तो विकत मिळतो आणि आत काय आहे ते बघू देत नाहीत. ‘पाटी’ हा असा मूळ प्रोग्रॅम पुणे, बेळगाव, हॉलंड, न्यूझीलंड अशा ठिकाणच्या माणसांनी पगाराशिवाय लिहिला आहे. आतला प्रत्येक शब्द कोणीही वाचावा, बदलावा, पुढच्याला द्यावा. यातल्या बहुतेकांचे मी तोंडही पाहिलेले नाही.

माझे काम गठड्या बांधण्याचे. कुणी पुण्याहून एक प्रोग्रॅम पाठवतो. तो त्याच्या मशीनवर चालतो, दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही, कारण त्याला लागणारा एखादा तुकडा पाठवायचे तो विसरलेला असतो. मी तो तुकडा मागवते, सगळे एकत्र बांधते, कसे बसवायचे आणि कसे काढायचे ते लिहिते, आणि मग ती गठडी तपासते. कोऱ्या मशीनवर बसते का? काढली तर शेजारच्याचे सामान घेऊन जात नाही ना? डिस्क भरली तर काय? आणि शेवटी, लिहिणे चालू असताना मी भिंतीवरचा मेन स्विच पाडते. आपल्या गावात दिवे सांगून जात नाहीत. मग चाचणीनेही का सांगावे?

ही खोड जुनी. १९६६ साली मी सरकारी कचेरीत पंचकार्ड विभागात लागले. एकीने माहितीची भोके पाडलेले कार्ड दुसरीने पुन्हा टंकायचे. दोन्ही जुळले तर यंत्र कार्डाच्या कडेला खाच पाडत असे. मी ती दुसरी. त्या खाचेचा बारीक आवाज मला अजून आवडतो. आमच्या साहेबांनी निवृत्तीच्या समारंभात ‘आमच्या टायपिस्ट बाई’ असा माझा गौरव केला. त्यांच्यासाठी या मृत्युपत्रात तरतूद नाही.

‘पाटी’त मी लिहिलेल्या सर्व प्रोग्रॅमवरील माझा हक्क मी सर्वांना देते. ज्याला हवे त्याने वापरावे. पण आतले दाखवायचे नाही आणि पुढे द्यायचे नाही, असे कोणी करू नये. मुंबईहून आलेले एक गृहस्थ नाव बदलून ‘पाटी’ विकण्याची बोलणी करून गेले. त्यांना भीमाबाईने चहा दिला, मी नकार दिला.

कलम चौथे. माझा संगणक व छपाईयंत्र शोभा पखाले हिला. शोभा तंत्रनिकेतनात शिकवते आणि तीन वर्षांपासून मंडळात आहे. मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासही मी तिलाच नेमते.

कलम पाचवे. श्री. मधुकरराव घाटोळे. रद्द केलेल्या मृत्युपत्रात या गृहस्थांविषयी एक वाक्य होते, ते मी इथे उतरवत नाही. पण झाले काय ते लिहून ठेवते, कारण मंडळात नवीन येणाऱ्यांना ते निरनिराळे सांगितले जाते.

मधुकररावांचे सीताबर्डीला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. मंडळाचा पहिला संगणक त्यांचा. आम्ही दुकानाच्या माडीवर जमत असू. १९८७ च्या उन्हाळ्यात मी नेहमीप्रमाणे मेन स्विच पाडला आणि त्यांच्या संगणकाची हार्ड डिस्क कायमची बसली. ते सर्वांसमोर म्हणाले, “सरकारी नोकरीत दुसऱ्याची वस्तू मोडाचीच सवय लागते.” मी म्हणाले, “दुकानदाराला विकलेला माल परत येऊ नये एवढंच कळतं. वापरणाऱ्याचं काय होतं, ते त्याला कळत नाही.” मी जिना उतरले आणि दोन वर्षे चढले नाही. मंडळ माझ्या घरी भरू लागले. मधुकररावही रविवारी येत, कोपऱ्यात बसत, आणि मला काही सांगायचे असले तर शोभाला सांगत. मी तिथेच हातभर अंतरावर असे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. गाठ कोणत्या जातीची ते काढल्यावरच कळणार होते. त्याच आठवड्यात ‘पाटी’ची नवी गठडी तयार होती आणि पुष्कळ ठिकाणी लोक वाट पाहत होते. त्यात आपल्या गावातली एक धर्मादाय रक्तपेढी होती. रक्तदात्यांची नावे, गट, पत्ते त्यांनी ‘पाटी’वर ठेवले आहेत आणि जुन्या गठडीत त्यांना जागा पुरेनाशी झाली होती.

शोभाने दवाखान्यात येऊन विचारले, “ताई, सगळं तपासलं. फक्त मेन स्विच राहिला. करू का?”

मी पलंगावर पडले होते आणि मला फक्त एवढे दिसत होते की संगणक एकच आहे, तो बसला तर सगळेच थांबेल, आणि मी उठणार की नाही ते ठाऊक नाही. मी म्हणाले, “राहू दे. तशीच पाठव.”

शोभा कोऱ्या फ्लॉपी आणायला मधुकररावांच्या दुकानात गेली आणि बोलता बोलता तिने हे सांगितले. ती सांगते, की त्यांनी हातातली, तारांना डाग द्यायची झारण खाली ठेवली आणि म्हणाले, “ताई असं म्हणाल्या? मंग त्या खरंच लय बिमार आहेत.” मग त्यांनी दुकान अर्धे बंद केले, स्वतःचा नवा संगणक काढला, त्यावर ती गठडी बसवली, रक्तपेढीसारखी खोटी नावे लिहायला घेतली, आणि लिहिणे चालू असताना स्वतःच्या हाताने मेन स्विच पाडला.

शस्त्रक्रियेनंतर शुद्ध आली, थोडे बसू लागले, तेव्हा एका दुपारी ते वॉर्डात आले. हातात मोसंब्यांची पिशवी. पिशवी कुठे ठेवावी हे कळेना, म्हणून धरूनच उभे राहिले. दोन वर्षांनी ते माझ्याशी थेट बोलले.

“ताई, गठडी पाठवली नाही. मी थांबवून ठेवली.”

“काहून?”

“स्विच पाडला. शेवटचे नावं गायब. मशीन म्हणते लिहून झालं, अन् लिहिलंच नाही.”

“लोक काय म्हणून राहिले?”

“शिव्या देऊन राहिले. देऊ द्या.”

मी विचारले, “तुमच्या मशीनला काही झालं का?”

“चालू आहे.” मग पिशवी माझ्या पायाशी ठेवत म्हणाले, “अन् बसली असती तं बसली असती.”

मला हसू आले. टाके ताजे होते, त्यामुळे हसताना डोळ्यांतून पाणीच आले आणि परिचारिका धावत आली. मधुकरराव घाबरून बाहेर निघून गेले. त्याच संध्याकाळी डॉक्टर कौशल्याबाई कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, गाठ साधी आहे, घरी जायची तयारी करा. मी त्यांना नीट उत्तरही दिले नाही. मला आधीच इतके हलके वाटत होते, की ही बातमी वरकड मिळाल्यासारखी झाली.

मी घरी येईपर्यंत शोभाने दोष शोधून दुरुस्त केला होता. मधुकररावांनी पुन्हा पुन्हा स्विच पाडून पाहिला. ती दुरुस्ती आता हॉलंडपासून न्यूझीलंडपर्यंत सगळ्यांच्या ‘पाटी’त आहे. मी त्यात एक अक्षरही लिहिलेले नाही. ऑक्टोबरात रक्तपेढीतून निरोप आला, “बाई, ऐन कामात दिवे गेले होते. नावं सगळी आहेत.” मी तेव्हा वाटाणे सोलत होते. सोलतच राहिले.

म्हणून: माझी हत्यारांची पेटी, डाग देण्याच्या झारणीसह, मधुकररावांना. मेन स्विच पाडण्याचा अधिकार माझ्यामागे मी त्यांना आणि शोभाला मिळून देते. दोघांचे मत वेगळे पडले तर गठडी थांबवावी.

कलम सहावे. मी ५६ साली वडिलांचे बोट धरून नव्हे, त्यांच्या शेजारी उभी राहून दीक्षा घेतली. माझ्यामागे त्रिशरण व पंचशील म्हणावे. दुसरे विधी नकोत. शोकसभा घेतल्यास ‘त्यांच्यावाचून मंडळ पोरके झाले’ असे कोणी म्हणू नये. ते खरे नाही, आणि ते खरे नाही हे पाहायला मिळाले, यासारखे सुख मला नोकरीत कधी लाभले नाही.

माझे दहन ज्या दिवशी असेल त्याच दिवशी एखादी गठडी पाठवायची राहिली असेल, तर शोभाने व मधुकररावांनी आधी चाचणी पुरी करावी आणि मग यावे. मला घाई नसेल.

वरील मजकूर मी वाचला, मला वाचून दाखवला, आणि तो माझाच आहे म्हणून सही करते.

सही: गोपिका मारोतराव नगराळे

ज्यांना वाटणी आहे त्यांना साक्षीदार करू नये, असा वकिलांनी सल्ला दिला. म्हणून खालील दोघे. यांना मी काहीही दिलेले नाही, तरी दोघेही आनंदाने आले. साक्षीदारांचे निवेदन: आम्ही दोघांनी गोपिकाबाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. कौशल्या बोरकर, धंतोली, नागपूर
साक्षीदार २: गणपतराव सोमकुवर, निवृत्त पोस्टमास्तर, इंदोरा, नागपूर

स्थळ: नागपूर
दिनांक: १९ नोव्हेंबर १९८९, रविवार