बोर्डावरचा पाव्हणा

४ डिसेंबर
पाळी सुटली, सगळे वर आले, तरी खाणीच्या गेटवरच्या बोर्डावर ‘खाली : १’, म्हणजे एक माणूस अजून खाणीत. हा एक कोण? मला सांगता येत नाही. माझ्या सॉफ्टवेअर कंपनीने नागपूरहून मला त्यासाठीच पाठवलंय, बोर्डाची मोजणी दुरुस्त करायला. बाबा याच खाणीत कामाला, म्हणून मीच मागून घेतलं हे काम.

गेटवर मेश्राम काका असतात, बाबांचे जुने दोस्त. त्यांना त्या एकाचं काहीच वाटत नाही. सगळे त्याला पाव्हणा म्हणतात. काकांकडे एक जादा कार्ड आहे. उतरताना आणि वर येताना प्रत्येकजण यंत्राला आपलं कार्ड टेकवतो; काका हे जादाचं बाहेर पडायच्या यंत्राला टेकवतात की १ चा ०. शून्य झालं, म्हणजे खाली कोणी नाही, की भोंगा, मग सुरुंग उडवतात.
“पाव्हण्याले रोज घरी पोचवून देतो न मी.”
मीही हसले.

५ डिसेंबर
कर्नेलमधल्या ड्रायव्हरचा, म्हणजे कार्डं मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड वाचून काढला. माणसं दोन वाटांनी वर येतात, लिफ्टने आणि उताराने. यंत्रं दोन, आकडा एकच. दोन कार्डं एकाच क्षणी लागली तर प्रोसेसरचे दोन्ही कोअर तोच आकडा वाचतात, समजा चाळीस. दोघेही एकोणचाळीस लिहितात. वर आले दोन, वजा झाला एक. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं लॉकच आकड्यावर नाही!

६ डिसेंबर
पाव्हण्याला पकडायला प्रोग्रॅमच्या प्रत्येक पायरीची नोंद लावली. आला नाही. नोंद काढली, आला. नोंदीमुळे वेळ किंचित सरकते, दोन कार्डं एका क्षणी भिडतच नाहीत. कारण माहीत आहे. तरी एकटीने बोर्डाकडे बघायला नको वाटतं.

८ डिसेंबर
स्पिनलॉक घातला, म्हणजे लॉक सुटेपर्यंत दुसरा जागीच घिरट्या घालत थांबतो. टेबलावरच्या चाचणीत मशीन गोठलं. लॉक घेतलेलं असताना त्याच कोअरवर इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवणारी नव्या कार्डाची हाक, आला आणि तेच लॉक मागत उभा राहिला. ज्याने सोडायचं तो त्याच्याच खाली दबलेला. दिवा चालू, आकडा स्थिर. लॉक घेताना इंटरप्ट बंद करायचे राहिले होते. केलं. नागपूरचे माझे सर म्हणतात, पूर्ण चाचणीशिवाय खाणीत बसवायचं नाही. बरोबरच आहे.

११ डिसेंबर
बोर्डावर १. काकांनी कार्ड टेकवलं. शून्य. भोंगा झाला. आणि उताराच्या तोंडातून बाबा बाहेर आले, हातात जेवणाचा डबा. सुरुंगवाल्याने बटणावरचा हात मागे घेतला.
“डब्बा राह्यला होता खाली. असे काहून पाहून राहिले माह्याकडे?”
काकांनी ते जादा कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. मग मला हळूच म्हणाले, “आज तुह्या बापालेच पोचवून देलं असतं म्या, पोरी.”

१३ डिसेंबर
चाचण्या झाल्या, सरांची परवानगी आली. नवीन ड्रायव्हर बसवला.

२० डिसेंबर
रोज शून्य. पोरं चिडवतात, पाव्हण्याले काहून हाकललं, गरीब होता बिचारा. आई शेजारी सांगून आली की आमच्या पोरीने खाणीतलं भूत काढलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि काय तर भूत काढलं! ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२३ डिसेंबर
आज पुन्हा १.
हजेरी घेतली. प्रत्येक नावाला ओ आली. पण कंत्राटदाराचे मजूर हजेरीत नसतात, त्यांना नुसतं कार्ड. किती उतरले, विचारलं तर मुकादम दोनदा वेगळं सांगतो. लॉकचा कोड पुन्हा वाचला, ओळ न् ओळ. चूक सापडत नाही. चूक सापडावी म्हणून इतकी कधी तडफडले नव्हते.

बाबांनी बाजूला घेतलं. “तुले पक्कं ठाऊक आहे का, खाली कोणी आहे म्हनून?”
नाही म्हटलं.
“मंग?”
मंग काय. माझं लॉक चुकलं असेल, नाहीतर खाली माणूस आहे. मी म्हटलं, कोणीतरी उतरून बघून या. खाणीचे साहेब म्हणाले, पाव्हणाच असेल, रोजचंच आहे, कार्ड लावा. काका माझ्याकडे बघत राहिले, हात कार्डाच्या ड्रॉवरवर.

भोंग्याशिवाय सुरुंग लागत नाही, हा इथला कायदा. आता सगळे आत साहेबांच्या खोलीत भांडताहेत, माझं नाव ऐकू येतं. मी बाहेर बाकावर बसून लिहिते आहे. भोंग्याचा फ्यूज मी काढून घेतला आहे.