वाचनपुस्तकांचे सहा गठ्ठे

मंगळवार, दिवेलागण

नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज भरतोय. सही केली की औरंगपुऱ्यातलं पुस्तकांचं दुकान माझं राहणार नाही.

मालाच्या यादीत पाचवीच्या जुन्या वाचनपुस्तकांचे सहा गठ्ठे आहेत. अभ्यासक्रम बदलला तेव्हा मुदतीत प्रकाशकाकडं परत पाठवायचे होते. मी मात्र गल्ल्यावर बसून त्यातल्या कविता वाचत राहिलो. दरवेळी हेच. दोष कुणाला देऊ?

छापील किंमत लिहिली होती. वकील सलीमभाई हसले. "काका, रद्दीचा भाव लिहा. कोर्ट कविता वाचत नसतंय!"

खोडलं. रद्दी लिहिलं.

घरी यादी मोठ्यानं वाचून पाहिली, तर शाळेतली चाल लागली. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, आमच्या वर्गात उर्दूच्या जागी मराठी आली, तेव्हा गुरुजी एक ओळ म्हणायचे अन् आम्ही सारे तीच मागून. पुढं बायको, सुमन, होती तोवर ती स्वयंपाकघरातनं मागून म्हणायची.

"कपाटं दोन, पंखा एक, वाचनपुस्तकं सहा गठ्ठे, रद्दी."

सवयीनं थांबलो.

मग मागून म्हणायची ओळही मीच म्हटली, अन् सही केली.