वरचा मजला नको, बर्फाचं यंत्र

मी कार्सिदी, वास्तोनो कोळ्याचा मुलगा, वय सव्वीस, शाळा सहावीपर्यंत, गाव जावाच्या उत्तर किनाऱ्यावर तेगलजवळ, सध्या तैवानात दोंगगांग बंदरात ट्यूनाच्या बोटीवर कामाला. हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, माझ्याच हाताने लिहितो आहे. परवा बोट दहा महिन्यांसाठी निघते. मागच्या फेरीत आमच्यातला एक जण लाटेबरोबर गेला आणि त्याच्या घरचं भांडण अजून मिटलेलं नाही. माझ्या घरी ते नको.

एक. घर बाबांच्या नावावर आहे, त्यांचंच राहील. पण एक सांगायचं आहे. मागच्या ईदला मी सात वर्षांनी घरी गेलो. नाक्यापासून घरापर्यंत चालताना गाव ओळखू येईना. सिमेंटचं दुकान, फरशीचं दुकान, बँकेची शाखा, दारोदारी नळ. फरशीवाला म्हणाला, हे सगळं तुम्हा बाहेरच्या पोरांनी उभं केलंय. मी इथे दोर ओढतो आणि समुद्रापलीकडे भिंती वर येतात, पोरांच्या अंगावर गणवेश चढतो. या दोन हातांत असं काय आहे, मला अजून उमगलेलं नाही. पण आमच्या होड्या वाळूत पालथ्या पडल्या आहेत. कोळ्यांच्या गावात आईने मला बाजारातून आणलेला मासा वाढला. चार म्हातारे अजून दर्यात जातात, पण बर्फाअभावी त्यांचा मासा दुपारपर्यंत नासतो.

दोन. रबरी बूट चुलतभाऊ सुरोसोला. मी निघालो तेव्हा, महिनाभरात रडत परत येशील, असं तो चारचौघांत म्हणाला होता. त्याने ते घालून ओल्या डेकवर चार पावलं चालून दाखवावीत. मासे कापायची सुरी रस्मानला. तो माझ्या वरच्या फळीवर झोपतो आणि ती न विचारता वापरतोच. सुरी त्याला मिळणार म्हणून त्याला साक्षीला घेतलेलं नाही.

~~तीन. माझी साठवण. बंदरातल्या मशिदीचे उस्ताद मसरूर सांगतात की मेलेल्याला मनासारखा एक तृतीयांशच देता येतो, बाकीचं आईबाबांचं. बाबा त्यातून वरचा मजला चढवणार, खाली दोन खोल्या रिकाम्या असताना. माझा तिसरा हिस्सा धाकट्या बहिणीला, तुरसिलाला, बर्फाच्या यंत्रासाठी. यंत्र तिने स्वतः जाऊन पाहून ठेवलंय. ते जमलं नाही तर ईदनंतर तीही इकडे येईल, कुणाच्या तरी म्हातारीला भरवायला. पोरींना परदेशी कामाला धाडणाऱ्या दलालाकडे नाव दिलेलं आहे. तिसऱ्या हिश्श्यात यंत्र निम्मंच येतं. दुसरा उपाय मला सापडला नाही.~~

चार. इथवर लिहून घरी फोन लावला आणि वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, मजला तुझ्यासाठीच होता रे, बायको घेऊन येशील म्हणून. मी म्हटलं, बाबा, आम्ही खाली राहू की. तेवढ्यात तुरसिलाने फोन ओढून घेतला.

"दादा, तुला मरायला सवड मिळेपर्यंत मी थांबू होय? जिवंत आहेस तोवर दे की."

साठवण लग्नाला किंवा मरणाला, असंच आमच्यात धरून चालतात. मी उस्तादांना विचारलं. ते हसले. म्हणाले, धडधाकट माणसाच्या देण्याला तृतीयांशाची अट कुठली?

म्हणून कलम तीन खोडलं आहे, खोडण्यावर माझी सही आहे. उद्या सकाळी सगळी साठवण तुरसिलाच्या नावे पाठवतो. तिने दलालाकडून नाव काढून घ्यावं.

तुरसिला, पहिला बर्फ गोठला की फोटो काढून ठेव. भर समुद्रात फोन लागत नाही. बंदराला परत आल्यावर बघेन.

सही: कार्सिदी
साक्षीदार: १) उस्ताद मसरूर २) दारमोको, बोटीवरचा आचारी
दोंगगांग बंदर, १४ मार्च २०२३