चार चाकांचा हट्ट

तीर्थरूप बाबांना,

जावयाचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण परवा चिखलात एकदा घालून झालाय, तोच पोचला असं समजावं. सविस्तर पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना, असं तुमच्या लेकीने विचारलंय. विचारलंय म्हणजे तोंडाने नाही. पण मी पत्र लिहायला बसल्यापासून ती दोनदा येऊन स्वच्छ टेबल पुसून गेली, त्यावरून मी काय ते ओळखलं. आम्ही इकडे मजेत आहोत. दुकान चालू आहे, काच विकली जाते, काच फुटते, संसार चाललाय.

थोरलीही बरी आहे. (हे पत्र भलत्याच्या हाती पडलं तर गैरसमज नको म्हणून खुलासा करतो: थोरली म्हणजे तुमची पिकअप. डोळ्यांमुळे गाडी चालवणं सोडलंत तेव्हा ती तुम्ही आम्हाला दिलीत. लेक तुम्हाला एकच, पण गाडी तिच्या आधी घरात आली म्हणून ती थोरली, असं तुम्हीच म्हणता. म्हणजे दोन्ही माझ्याच पदरात पडल्या, आणि दोघींना मी कसं वागवतो यावर तुमचं बारीक लक्ष असणार हे मी जाणून आहे.)

आता त्या दांडीविषयी. किल्ली द्यायला आलात तेव्हा गियरशेजारच्या आखूड दांडीवर हात ठेवून तुम्ही काहीतरी सांगायला लागला होतात, आणि मी म्हणालो की माहीत आहे मला. ते काही अगदीच खोटं नव्हतं हो. दांडी पुढे असली की इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना मिळतो आणि मागे ओढली की चारही चाकांना, एवढं मला खरंच माहीत होतं. ती कधी ओढायची, हा प्रश्न मात्र मला फालतू वाटला. घरात चार कमावते असताना दोघांना बसवून कोण ठेवतं? तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणालात, अर्धा चहा कपात ठेवून उठलात, आणि त्यानंतर इकडे फिरकला नाहीत. मला वाटलं, तुमची बस चुकत असेल.

तर पहिल्या दिवसापासून मी दांडी मागे ओढून ठेवली ती ठेवलीच. त्यातून धंदा काचेचा. काचवाला माणूस जिना उतरतानासुद्धा भिंत धरून उतरतो. चार चाकांनी रस्ता घट्ट धरला की काचा सुरक्षित, असा माझा सरळ हिशेब. नेमकी त्याच सुमारास एका डॉक्टरीणबाईंची ऑर्डर आली. टेकडीवर त्यांचा नवा दवाखाना होतोय. खिडक्या, दारं, मधले पडदे, सगळं काचेचं. (पेशंटला आतून बाहेरचं आणि बाहेरून आतलं दिसावं अशी त्यांची इच्छा. मी मापं घेतली.) एवढं मोठं काम दुकानाला आजवर मिळालं नव्हतं, आणि ते टिकलं तर मागच्या खोलीतलं सामान हलवून ती तुमच्या मुक्कामासाठी नीट करायचं आम्ही ठरवलं होतं.

पहिल्या खेपेला एक काच तडकली. दुसऱ्या खेपेला दोन. लाकडी घोडीवर उभ्या लावलेल्या, मध्ये जुन्या गोधड्या कोंबलेल्या, तरीही! थोरली सरळ रस्त्याला गुणी पोरीसारखी चालायची आणि वळण आलं की अंगात आल्यासारखी करायची. स्टिअरिंग जड व्हायचं, टायर कुरकुरायचे, आणि दवाखान्याच्या फाटकातून वळताना तर ती चक्क उड्या मारायची. मी रस्त्याला नावं ठेवली, टायरवाल्याला नावं ठेवली, काच बनवणाऱ्या कारखान्याला तर ठेवलीच ठेवली. (तुमच्या गाडीला ठेवली नाहीत. निदान मोठ्याने नाही.) तिसऱ्या खेपेला काचा धरायला म्हणून तुमची लेक सोबत आली. फाटकात पुन्हा कडकन आवाज झाला. डॉक्टरीणबाई पायरीवरच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या की आता एक जरी तडकली, तरी उरलेलं काम दुसऱ्याला देणार. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी हिने माझ्यापुढे बशीत चार बिस्किटं मांडली. म्हणाली, वळताना पुढच्या चाकांना लांबची वाट पडते, मागच्यांना जवळची. या गाडीत दांडी ओढली की पुढची-मागची एकमेकांना जखडली जातात. कोरड्या, कडक रस्त्यावर चाकाला सरकायला जागा नसते, म्हणून ती अडखळतात, उड्या मारतात. कोरड्या रस्त्यावर दोनच चाकं पुरे. इतकं पटलं मला, की ती पुढे ‘पण चिखलात’ म्हणेपर्यंत मी ‘कळलं कळलं’ म्हणून दोन बिस्किटं खाऊनही टाकली होती. दुसऱ्या दिवशी दांडी पुढे ढकलली आणि कुणाचा हात लागू नये म्हणून सुतळीने बांधून टाकली.

परवा चौथी खेप होती. मोठ्या खिडक्यांच्या काचा, आणि शेजारी ही. डांबरी रस्ताभर थोरली अशी वळत होती की मी शीळ घातली. पण टेकडीच्या चढावर नळाचं खोदकाम झालं होतं, नळ फुटला होता, आणि सगळ्या रस्त्याचा शिरा झाला होता. मधोमध मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी ॲक्सिलरेटर दाबला. ती आणखी फिरली. आणखी दाबला, तर गाडीचं बूड हळूच गटाराकडे सरकलं आणि मागे काचा एकमेकींशी कुजबुजल्या. उतरून बघावं म्हणून पाय टाकला, तो वर सांगितलेला साष्टांग. पण बाबा, अशा वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर असावं लागतं. मी उठलो, आत बसलो, प्रसंगावधान राखून सुतळी सोडली, गाडी न्यूट्रलला घेतली, दांडी पार मागे, सर्वांत संथ आणि जोरकस खाचेत टाकली, आणि ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावत गोगलगायीच्या चालीने वर पोचलो. एकही काच तडकली नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतः मोजून घेतल्या आणि उरलेलं कामही आपल्याकडेच ठेवलं. तर एकंदरीत थोरली योग्य हातांत आहे, काळजी नसावी.

थेंब घालत जा.

तुमचा जावई

ता.क. १ – पत्र तुमच्या लेकीने वाचलं. तिचं म्हणणं असं, की ‘प्रसंगावधान’ या शब्दापासून ‘वर पोचलो’पर्यंत सगळं तिने केलं, आणि मी तेव्हा शेजारच्या सीटवर चिखल पुसत होतो. हे खरं आहे. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून ती ही दांडी ओढायची, हे मला परवाच कळलं. इतके दिवस का बोलली नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, बाबांचं ऐकलं नाही ते माझं काय ऐकणार.

ता.क. २ – खरं काम वेगळंच आहे. काचा उतरवल्यावर चाकावर मी बसलो, आणि दांडी पुढे करायचं राहून गेलं. दवाखान्याच्या कोरड्या सिमेंटच्या अंगणात गाडी गरकन वळवली, आणि दांडी जी अडकली ती अडकलीच. तशीच कशीबशी घरी आणली. सध्या थोरली दारात उभी आहे आणि मी काचा हातगाडीवरून पोचवतोय. तुमच्या लेकीला विनवण्या केल्या. ती म्हणाली, “मला येतं सोडवता. पण मी हात लावणार नाही. बाबांना बोलवा.” आणि एवढं बोलून रडली. बाहेर कुठलीही गाडी थांबली की ती खिडकीशी जाऊन बघते, हे मी बरेच दिवस बघतोय. तुमचं बोलणं मी मध्येच तोडलं, चुकलं माझं. शनिवारच्या बसने या. दांडीविषयी पहिल्यापासून सांगा, मी गप्प बसून ऐकेन.

ता.क. ३ – हे पोस्टाच्या पेटीपाशी उभा राहून लिहितोय. दांडी आज सकाळीच सुटली. शेजाऱ्याला वाट द्यायची म्हणून चाकं सरळ करून थोरली जरा मागे घेतली, तर दांडी अलगद पुढे आली. मी लगेच ती मागे ओढून, दारातल्या फरशीवर दोन गरगरीत फेऱ्या मारून परत अडकवून ठेवली. तुमच्या लेकीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सगळं पाहिलं, पडदा ओढून घेतला, आणि मागच्या खोलीतलं सामान हलवायला गेली. तेव्हा आता याच.